विश्लेषण : ६७ कोटींचे चित्र काढणारे वासुदेव गायतोंडे कोण होते? विदर्भाशी त्यांचे नाते काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. चित्रकार आहेत वासुदेव संतू गायतोंडे. त्यांचा जन्म यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरचा. हे चित्र इतके महाग का आणि हा पैसा नेमका कोणाला मिळतो, हे जाणून घेऊ.

गायतोंडे नागपूरचे कसे?

२ नोव्हेंबर १९२४ रोजी त्यांचा जन्म नागपुरात झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. पुढे ते मुंबईत गिरगावातील चाळीत वाढले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली आणि त्यानंतर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले.

१९४७ मध्ये सुरू झालेल्या या गटाचे विदर्भाशी जुने नाते आहे. संस्थापकांपैकी हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, तर सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण सुरुवातीला नागपुरात झाले होते. देशाच्या आधुनिक चित्रकलेची सुरुवात मुंबईत झाली असे आपण वाचतो, पण त्यातले काही रंग इकडूनच गेले आहेत.

चित्रात काहीच नसते, मग ते वेगळे कसे?

सुरुवातीला गायतोंडे माणसांच्या आकृती काढत. पन्नाशीच्या दशकात आकार विरत गेले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना पटत नसे. अमूर्त म्हणजे एखाद्या वस्तूपासून सुरुवात करून तिचा आकार गाळत जाणे. यांच्या चित्रात मुळात वस्तूच नव्हती.

तंत्र समजून घेतले तर कोडे थोडे सुटते. ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरत. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. फाटक्या कागदाचे तुकडे रंगावर दाबून त्यांचे ठसे उमटवायचे. अशा अनेक थरांतून खालचा रंग वर झिरपल्यासारखा दिसतो. मोबाइलच्या स्क्रीनवर हे चित्र सपाट वाटते, कारण थरांची खोली फोटोत येत नाही. या कामाला वेळ लागे, त्यामुळे वर्षभरात त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. बाजारात आज ती दुर्मीळ असण्याचे हे एक कारण आहे.

झेन विचार आणि रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीचा त्यांच्यावर प्रभाव होता.

हयातीत मान मिळाला का?

जाणकारांमध्ये मिळाला. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ पासून ते दिल्लीत निजामुद्दीन भागात एकटे, अगदी साधे राहत.

१९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास हाताळणे त्यांना शक्य होईना. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने रेखाटने केली. रंग, रोलर, थर सगळे बाजूला राहिले. उरली फक्त काळी रेषा आणि पांढरी जागा. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही.

किमती कधी वाढल्या?

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतील पहिल्या लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. म्हणजे निधनानंतर बारा वर्षांनी. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०२१ मध्ये हा आकडा ४० कोटींच्या घरात गेला आणि आता ६७ कोटींवर.

हा पैसा कोणाला मिळतो?

लिलावात चित्र विकतो तो संग्राहक, त्यामुळे रक्कम त्याच्याकडे जाते. मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ नुसार मूळ चित्र १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्यात हिस्सा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. कॉपीराइट असेपर्यंत, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. तरुण चित्रकारांनी पहिले चित्र विकतानाच पावती, तारीख आणि खरेदीदाराचे नाव जपून ठेवावे ते यासाठी. नोंदच नसेल तर हक्क सांगायचा कशाच्या आधारावर?

यवतमाळच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे?

जिल्ह्यातील अनेक मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात. त्यानंतर बहुतेकांची चित्रकला दहावीच्या वाढीव गुणांपाशी थांबते. ‘यात पोट भरेल का?’ हा घरच्यांचा प्रश्न खोटा नाही. गायतोंडेंचे आयुष्य त्याचे सोपे उत्तर देत नाही. कोटींचे आकडे त्यांनी पाहिलेच नाहीत.

पण मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहाची चौकशी जरूर करावी. त्यात गायतोंडेंची चित्रे आहेत. प्रदर्शनात मांडलेली असतील तर समोर दहा मिनिटे शांत उभे राहा. किंमत विसरून पाहिले की थर दिसू लागतात.