पीटीओ शाफ्टचा कोन आणि रोटाव्हेटरची थरथर

सोयाबीनची काढणी आटोपली की धाराशिव जिल्ह्याच्या शिवारात रब्बीच्या पेरणीची घाई सुरू होते. जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी हरभरा अथवा ज्वारी पेरावयाची असते, व त्यासाठी अनेक शेतकरी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून रान भुसभुशीत करून घेतात. वाफशाचे दिवस मोजकेच असतात. नेमक्या त्याच दिवसांत यंत्र थरथरू लागते, शाफ्टचा क्रॉस तुटतो, व ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानापुढे उभा राहतो. नवा क्रॉस बसविला जातो. परंतु काही दिवसांत तोही तुटतो. वस्तुतः पुष्कळदा दोष क्रॉसचा नसून शाफ्टच्या कोनाचा असतो. तो कोन तपासल्यावाचून सुटे भाग बदलीत राहणे म्हणजे जखम न पाहता पट्टी बांधणे होय.

थरथर का उत्पन्न होते?

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस शक्ती बाहेर देणारा जो दांडा असतो, त्यास पीटीओ म्हणतात. तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो. पीटीओ व रोटाव्हेटरची गिअरपेटी यांची उंची सारखी नसते. म्हणून त्यांना जोडणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांस क्रॉस असलेला सांधा बसवितात. या सांध्यामुळे शाफ्ट तिरपा असूनही फिरू शकतो.

परंतु तिरप्या सांध्यातून गती एकसारखी पुढे जात नाही. प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट दोनदा जलद व दोनदा मंद होतो. सांध्याचा कोन १० अंश असेल, तर ५४० फेऱ्यांची गती सुमारे ५३२ ते ५४८ यांच्या दरम्यान हेलकावे खाते. कोन १५ अंश झाल्यास हा फरक सुमारे ५२२ ते ५५९ होतो, आणि ३० अंशांवर तो ४६८ ते ६२४ पर्यंत जातो. कोन दुप्पट केला की हेलकावा मात्र जवळजवळ चौपट होतो. असा धक्का सेकंदाला १८ वेळा बसतो.

यावर उपाय म्हणून दुसरा सांधा असतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील, तर पहिल्या सांध्याने बिघडविलेली गती दुसरा सांधा सरळ करतो व गिअरपेटीस एकसारखी गती मिळते. एका टोकास १० अंश व दुसऱ्यास २० अंश असल्यास हा हिशेब जुळत नाही. उरलेला हेलकावा गिअरपेटी, बेअरिंग व क्रॉस यांस सोसावा लागतो. मात्र कोन समान असले, तरी मधल्या शाफ्टची गती हेलकावे खातच राहते. यास्तव कोन समान असावेत, तसेच ते लहानही असावेत.

कोन कसा मोजावा?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून रोटाव्हेटर कामाच्या वेळी जितका खाली असतो तितका खाली ठेवावा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. नंतर शाफ्टच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. टोकांमधील आडवे अंतर १०० सेंटिमीटर असून उंचीत १८ सेंटिमीटरांचा फरक असेल, तर शाफ्टचा उतार सुमारे १० अंश समजावा. २७ सेंटिमीटर असल्यास १५ अंश, व ५८ सेंटिमीटर असल्यास ३० अंश. अंतर कमी असल्यास त्याच प्रमाणात हिशेब करावा. उदाहरणार्थ, ७० सेंटिमीटरांत १९ सेंटिमीटरांचा फरक म्हणजे सुमारे १५ अंश. कामाच्या वेळी कोन याहून फारसा वाढू देऊ नये. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत निराळी मर्यादा दिली असल्यास ती पाळावी.

त्यानंतर गवंड्याची पाणसळ घेऊन पीटीओचा दांडा व गिअरपेटीचा दांडा हे दोन्ही परस्परांस समांतर आहेत की नाहीत, ते पाहावे. गिअरपेटी पुढे अथवा मागे झुकलेली असल्यास वरची लिंक, म्हणजे टॉप लिंक, फिरवून ती सरळ करावी. या एका दुरुस्तीसाठी पैसा लागत नाही, आणि थरथर पुष्कळदा येथेच थांबते.

उचलताना घ्यावयाची काळजी

हायड्रॉलिकने रोटाव्हेटर वर घेतला की शाफ्टचा कोन वाढतो. त्यातच यंत्र झुकल्यामुळे दोन्ही टोकांचे कोन असमान होतात. म्हणून बांधाशी वळताना अथवा बांध ओलांडताना प्रथम पीटीओ बंद करावा व मगच यंत्र उचलावे. ‘एवढ्याशा वळणासाठी बंद कशाला?’ असे म्हणून चालू पीटीओवर यंत्र उचलण्याची सवय क्रॉसचे आयुष्य कमी करते.

शाफ्टची लांबीही तपासणे अगत्याचे आहे. एका ट्रॅक्टरचा शाफ्ट दुसऱ्यास जसाच्या तसा बसेलच असे नाही. शाफ्ट सर्वांत लांब होतो त्या स्थितीतही आतील व बाहेरील नळ्या एकमेकींत निदान एकतृतीयांश गुंतलेल्या असाव्यात. सर्वांत आखूड स्थितीत अडीच ते पाच सेंटिमीटर जागा शिल्लक राहावी. जागा न उरल्यास शाफ्ट गिअरपेटीस व पीटीओस ठोसे देतो. चौकोनी नळीचे भाग जोडताना दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. ते परस्परांशी काटकोनात बसल्यास कोन समान असूनही थरथर वाढते.

दोष ओळखण्याची खूण

यंत्र खाली असताना शांत चालते व उचलताच थरथरते, तर दोष कोनाचा समजावा. खाली व वर दोन्ही वेळी सारखीच थरथर होत असेल, तर योकांची जुळणी, झिजलेला क्रॉस, वाकलेला शाफ्ट, तसेच रोटाव्हेटरची तुटलेली वा सैल पाती क्रमाने पाहावीत. बालाघाटच्या माथ्यावरील हलक्या, दगडगोट्यांच्या रानात पाती लवकर तुटतात, व दगडाच्या धक्क्यांत शाफ्टची थरथर चटकन ध्यानी येत नाही. यास्तव अशा गावी यंत्र रानात नेण्यापूर्वी मोकळ्या जागी हलकेच चालवून पाहणे बरे. पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी क्रॉसला व नळ्यांना ग्रीस द्यावे.

मळणी यंत्रासही हाच नियम लागू आहे. खळ्यावर ट्रॅक्टर वाकडा उभा केला की शाफ्टला आडवा कोन येतो. म्हणून ट्रॅक्टर व मळणी यंत्र शक्यतो एका रेषेत व समपातळीत उभे करावे.

शाफ्टवरील आवरण

मिनिटास ५४० फेरे म्हणजे सेकंदास ९ फेरे. ८ सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक अथवा पदर अडकला, तर एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळले जाते. हात मागे घेण्यासही अवसर मिळत नाही. क्रॉसला ग्रीस देण्यास अडचण होते म्हणून काढलेले आवरण पुन्हा न बसविणे, ही चूक हातपाय, किंबहुना प्राणही घेते. आवरण फुटले असल्यास नवे घेईपर्यंत यंत्र चालवू नये. फिरता शाफ्ट ओलांडणे, त्यावर वाकणे वा चालू यंत्रास ग्रीस देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी हंगामापूर्वी गावातील एका ट्रॅक्टरवर हे मोजमाप सर्वांसमक्ष करून दाखवावे. टेप, पाणसळ व अर्धा तास एवढीच सामग्री त्यास पुरेशी आहे. ट्रॅक्टर भाड्याने देणारे व चालविणारे या दोघांनाही त्या वेळी आवर्जून बोलवावे. कारण एक ट्रॅक्टर हंगामात अनेकांच्या रानात फिरतो, व तो बंद पडला की वाफसा त्या सर्वांचाच जातो.