म्हाताऱ्या कुत्र्याला भूल झेपेल का?

‘डॉक्टर, या वयात त्याला भूल झेपेल का?’ बारा-तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या दातांवर शस्त्रक्रिया करायची म्हटलं की घरातलं कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं. पण त्याच्या जोडीचा प्रश्न फार क्वचित कानावर येतो. सडत चाललेलं तोंड घेऊन उरलेली दोन-तीन वर्षं काढणं त्याला झेपेल का? आपण एका पारड्यात भुलीचा धोका टाकतो आणि दुसरं पारडं रिकामं आहे असं धरून चालतो. ते रिकामं नसतं.

कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. आपल्यासारखी कीड त्यांना सहसा लागत नाही, कारण कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते आणि दाताचं कवच विरघळवणारं आम्ल तिच्यात टिकत नाही. पण हीच लाळ दुसरीकडून घात करते. स्वच्छ दातावरही दिवसभरात जिवाणूंचा चिकट थर बसतो, लाळेतले क्षार त्यात भराभर साचतात आणि काही दिवसांत त्याचं कीटण होतं. आपल्याला दिसतं ते हे पिवळट-तपकिरी कीटण. खरं नुकसान हिरडीच्या कडेखाली, नजरेआड चाललेलं असतं. तिथल्या जिवाणूंशी लढताना उसळलेला दाह दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड दोन्ही खात जातो. नुसती हिरडी लाल झालेली असताना स्वच्छता केली तर सगळं पूर्ववत होतं. हाड झिजायला लागल्यावर मात्र गेलेलं सहसा परत येत नाही. पशुदंतवैद्य या आजाराचे चार टप्पे मानतात, आणि चौथ्यात दाताचा निम्म्याहून अधिक आधार गेलेला असतो.

‘पण तो तर व्यवस्थित खातोय!’ हे वाक्य प्रत्येक पशुवैद्याने ऐकलेलं आहे. कुत्रा दुखऱ्या तोंडानेही खातो. भुकेपुढे तो वेदना मागे सारतो, शिवाय दूध-पोळी किंवा चिकन-भात चावावाच लागत नाही, गिळला की झालं. म्हणून भांडं रिकामं झालं का, एवढ्यावर न थांबता बाकीच्या गोष्टी बघाव्या लागतात. तो एकाच बाजूने चावतो का, कोरडं खाणं तोंडातून सांडतं का, दोरी ओढण्याचा खेळ त्याने कधी सोडला, थुंकीत रक्ताची रेघ दिसते का, तोंडाजवळ हात नेला की मान फिरवतो का. यातलं बरंच काही ‘आता वय झालं त्याचं’ या सदरात जमा होतं, आणि मला सगळ्यात जास्त कळवळा येतो तो इथे. कुत्रा मलूल का झाला याचं उत्तर अनेकदा त्याच्या तोंडात असतं आणि ते काढून टाकण्याजोगं असतं.

काहीच केलं नाही तर काय होतं? वरच्या जबड्यातल्या मोठ्या चिरफाड करणाऱ्या दाढेला तीन मुळं असतात. त्यांच्या टोकाशी पू झाला की एके दिवशी डोळ्याखाली अचानक सूज येते आणि घरच्यांना वाटतं, काहीतरी चावलं. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या पोकळीला अगदी लागून असतं. मधलं पातळ हाड झिजलं की तोंडातून नाकात भोक पडतं, मग शिंका आणि नाकातून येणारा स्राव महिनोन् महिने थांबत नाही. पॉमेरेनियन, शि-त्झू, ल्हासा, डॅक्सहुंड अशा छोट्या कुत्र्यांत तर जबड्याच्या मानाने खालच्या पहिल्या दाढेची मुळं फार मोठी असतात. तिथलं हाड सडलं की सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो. दातांच्या आजारामुळे हृदय आणि किडनी बिघडतात, असंही वारंवार ऐकू येतं. या आजारांत संबंध दिसलेला आहे, पण एकामुळे दुसरं होतं हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. माझ्या मते त्या भीतीची गरजही नाही. रोजची वेदना हे कारण पुरेसं आहे.

आता भुलीचं पारडं. या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास ब्रिटनमधला आहे. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांमधून ९८,०३६ कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी गोळा केल्या आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. भूल दिल्यापासून ४८ तासांत, भुलीशी संबंधित कारणाने दगावलेल्या कुत्र्यांचं प्रमाण ०.१७ टक्के निघालं, म्हणजे साधारण ६०० मध्ये एक. पण खरी माहिती या सरासरीच्या आत आहे. निरोगी किंवा किरकोळ आजार असलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण ०.०५ टक्के होतं, सुमारे दोन हजारांत एक. गंभीर आजारी कुत्र्यांत ते १.३३ टक्के, म्हणजे ७५ मध्ये एक. दोहोंत पंचवीस पटींहून जास्त अंतर आहे. म्हणून ‘भूल झेपेल का’ याचं उत्तर वयाच्या आकड्यात शोधण्याआधी त्या कुत्र्याच्या रक्तात, हृदयात आणि किडनीत शोधावं लागतं.

वय म्हणजे आजार नव्हे, असं पशुवैद्य धीर देताना म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. त्याच अभ्यासात आजारपणाचा हिशेब वेगळा काढल्यावरही वयस्कर कुत्र्यांत धोका वाढलेला दिसला. म्हाताऱ्या शरीरात स्नायू आणि पाणी कमी असतं, यकृत औषधं हळू निकामी करतं, फुप्फुसांची लवचीकता घटलेली असते. तरुण कुत्र्याला जेवढं औषध लागतं तेवढंच दिलं तर ते जास्त होतं. वय धोका वाढवतं हे मान्य करायचं आणि मग तो कमी कसा करता येईल हे बघायचं, अशी प्रामाणिक वाट मला पटते.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येक कुत्रेवाल्या घराला माहीत असावी. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी शस्त्रक्रिया चालू असताना गेली नाहीत. ती नंतर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. श्वासाची नळी निघालेली, यंत्रं बंद झालेली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला, अशी ती वेळ. म्हणून दवाखाना निवडताना ‘ऑपरेशन कोण करणार’ याच्याइतकंच ‘त्यानंतर तीन तास त्याच्याजवळ कोण बसणार’ हे विचारा. ‘शुद्धीवर यायच्या आतच घरी घेऊन जा’ असं उत्तर आलं तर वृद्ध कुत्र्यासाठी दुसरा दवाखाना बघावा.

बाकीचे प्रश्नही असेच साधे आहेत. श्वासनळीत नळी घालणार का? दातांची सफाई करणाऱ्या यंत्रातून सतत पाणी उडतं, त्यात जिवाणू आणि कीटणाचे कण असतात. फुगा फुगवून घट्ट बसवलेली नळी ते फुप्फुसात उतरू देत नाही. दातांच्या शस्त्रक्रियेत तिला पर्याय नाही. रक्तदाब मोजणार का? सरासरी रक्तदाब ६० च्या खाली बराच वेळ राहिला तर किडनीचा रक्तपुरवठा तुटतो आणि म्हाताऱ्या किडनीकडे राखीव ताकद नसते. त्यासाठी शिरेत सुई आणि सलाइन आधीपासून लावलेलं हवं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे का? रक्तातला ऑक्सिजन घसरायच्या आधीच श्वासाची गडबड ते दाखवतं. ऊब कशी देणार? कुत्र्याचं सामान्य तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. भुलीत, ओल्या तोंडाने तास-दीड तास पडलेलं छोटं कुत्रं झपाट्याने थंड पडतं, आणि थंड शरीर उशिरा शुद्धीवर येतं. दात काढण्याआधी जबड्याच्या नसेपाशी बधिरतेचं इंजेक्शन देणार का? त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही आणि वायुरूप भूल बरीच कमी लागते.

आधीच्या तपासण्यांत आपल्याकडे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. गोचीड ताप. महाराष्ट्रात गोचिडांचा उपद्रव जवळजवळ वर्षभर असतो आणि हा ताप आणणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूचा संसर्ग वरून काही न दिसता महिनोन् महिने अंगात राहू शकतो. त्यात प्लेटलेट्स घटतात. अशा कुत्र्याचे पाच-सहा दात काढले तर रक्त थांबवणं अवघड होतं. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट्स साधारण दोन लाखांच्या वर असतात. त्या बऱ्याच कमी निघाल्या तर आधी गोचीड तापाचे उपचार, मग दात.

किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतातच, पण किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत ते वाढत नाही. म्हणून लघवीची तपासणी आणि एसडीएमए ही लवकर इशारा देणारी चाचणीही करावी. छातीत हृदयाची मर्मर ऐकू आली तर घाबरून बेत रद्द करायची गरज नाही, टू-डी इको करायची गरज आहे. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची डावी झडप जाड होऊन गळू लागणं फार आढळतं. हृदय अजून मोठं झालेलं नसेल तर अशी कुत्री काळजीपूर्वक दिलेली भूल बहुधा नीट सोसतात. हृदय मोठं झालं असेल तर आधी औषधं, आणि फुप्फुसात पाणी साचू लागलं असेल तर ते पूर्ण आटोक्यात येईपर्यंत थांबणं.

भुलीशिवाय दात साफ करून देतो, असं सांगणारे आता आपल्या शहरांतही भेटतात. कुत्र्याला धरून ठेवायचं आणि दिसणारं कीटण खरवडायचं. दात पांढरे दिसतात, घरचे खूश होतात, आणि हिरडीखालचा आजार होता तिथेच राहतो. जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही. एक्स-रेही घेता येत नाही, आणि निम्म्याहून जास्त गोष्ट एक्स-रेतच असते, कारण दाताचा मोठा भाग हाडात असतो. अमेरिकेतली पशुदंतवैद्यांची संस्था या प्रकाराला स्पष्ट विरोध करते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर मी याला फसवणूकच म्हणेन, कारण या खोट्या समाधानात त्याची बरी असलेली वर्षं निघून जातात.

आणि तीच वर्षं मोलाची असतात. नवव्या वर्षी दुसऱ्या टप्प्यावरचं तोंड, निरोगी हृदय, थोडक्या वेळाची सफाई. ‘पुढे बघू’ म्हणत तेच कुत्रं चौदाव्या वर्षी आलं तर चौथा टप्पा, दहा-बारा दात काढायचे, भुलीची वेळ कितीतरी जास्त, आणि तोवर हृदयात मर्मर, किडनी निम्मी. उशीर झालाच असेल तर काम दोन बैठकांत विभागून मागा. लांबत गेलेली एकच भूल टाळता आली तर टाळलेली बरी.

दात काढले तर खाणार कसा, ही काळजी मात्र सोडून द्यावी. जखमा भरेपर्यंत दोनेक आठवडे मऊ खाणं द्यावं लागतं. नंतर बिनदाताचं कुत्रंही ओलसर खाणं आनंदाने खातं. त्याला शिकार करायची नाही. दुखरा दात चावायला कधीच उपयोगी नव्हता.

काही वेळा उत्तर नाही असंच येतं. काबूत न येणारं हृदय, अखेरच्या टप्प्यावरची किडनी, काही आठवड्यांचाच अवधी देणारा कर्करोग. तेव्हा शस्त्रक्रिया न करणं हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो, आणि मग वेदना कमी करण्याचं काम उरतं. कुत्र्यासाठीची वेदनाशामकं किडनीचा अंदाज घेऊन पशुवैद्याने ठरवावीत. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कधीही देऊ नये, ती जीव घेऊ शकते. अँटिबायोटिकने सूज आठवडाभर उतरेल, पण जिवाणूंचा थर दाताला चिकटलेला असेपर्यंत ती परत येईल हे धरून चालायचं. खाणं कोमट आणि मऊ ठेवायचं, गळ्यातला पट्टा जबड्याला घासत असेल तर छातीचा घालायचा, आणि पशुवैद्याकडे दर खेपेला वजन करून घ्यायचं. भांडं रिकामं होत असूनही वजन उतरू लागलं तर वेदनेचं औषध पुन्हा बघायची वेळ आलेली असते.