गोठता गोठता ऊब देणारं पाणी

कोंबडीला पाणी पिताना नीट पाहिलंय कधी? गावी गेलात की अंगणातल्या परळापासून थोडं लांब, गुपचूप बसा. ती चोच पाण्यात बुडवते आणि लगेच मान वर करते. पुन्हा चोच खाली, पुन्हा मान वर! आपल्यासारखं घटाघटा पिणं तिला जमत नाही. चोचीतलं पाणी घशाखाली उतरायला मान उंच करावीच लागते. असं चोच चोच करत अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते.

आणि तेवढं तिला लागतंच. कवच बाजूला ठेवलं, तर अंड्याच्या आत सुमारे पाऊण भाग पाणीच असतं. पोटात गेलेले कोरडे दाणे भिजायलाही पाणी हवं. ते मिळालं नाही तर ती दाणे कमी खाते आणि हळूहळू अंडी देणंही थांबवते.

आपल्याकडे परळात पाणी ओतलं की झालं काम. पण आता माझ्याबरोबर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात चला. जानेवारी महिना आहे. पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरलाय. सकाळी भरलेलं भांडं थोड्याच वेळात दगडासारखं घट्ट! कोंबडी येते, चोच मारते. टक्! टक्! पाणी डोळ्यांसमोर आहे, पण घोटभरही मिळत नाही.

एवढ्या थंडीत कोंबड्या जगतात तरी कशा? त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, जवळजवळ 41 अंश सेल्सिअस. पिसं फुगवली की आत हवा अडकते आणि दुलई तयार! उघडा राहतो तो लाल तुरा. तो मोठा असेल तर कडाक्याच्या थंडीत त्याची टोकं गोठून काळी पडतात. क्वेबेकमधल्या ओका गावच्या मठात विल्फ्रिड शातलँ नावाचे धर्मबंधू राहायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी यावर उपाय शोधायचं ठरवलं. वेगवेगळ्या जातींच्या कोंबड्यांचा संकर करत करत त्यांनी एक नवी जात तयार केली. तुरा अगदी चिमुकला, डोक्याला चिकटलेला, आणि हिवाळ्यातही अंडी देणारी! तिचं नाव शाँतेक्लेर. 1921 मध्ये अमेरिकेतल्या कुक्कुटपालकांच्या संघटनेने या जातीला मान्यता दिली.

तुऱ्याचा प्रश्न सुटला. पण पाणी? ते कुठल्याही जातीच्या कोंबडीसमोर गोठणारच.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, “मग बर्फच खाऊ दे की!” कोंबड्या बर्फ टिपतातही. पण जरा हिशेब करूया. शून्य अंशावरचं एक ग्रॅम पाणी कोंबडीच्या अंगाइतकं गरम करायला सुमारे 41 कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला मात्र 80 कॅलरी लागतात, आणि ते गरम करायच्या 41 त्यानंतर वेगळ्या! ही सगळी ऊब कोंबडीच्या अंगातूनच जाणार. म्हणून तिला पाणी पाणी म्हणूनच मिळायला हवं.

या 80 कॅलरींची गंमत पहिल्यांदा नीट ओळखली जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, 1760च्या दशकात. बर्फ वितळत असतो, उष्णता घेत असतो, तरी तापमापीतला पारा जागचा हलत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? बर्फाचं पाणी करण्यात! दिसत नाही म्हणून तिला म्हणतात अप्रकट उष्मा.

आणि खरी जादू तर पुढेच आहे. पाणी गोठताना हीच उष्णता परत करतं! एक लिटर पाण्याचा बर्फ होताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढ्या उष्णतेत एक लिटर बर्फगार पाणी 80 अंशांपर्यंत तापेल. पूर्वी थंड प्रदेशातले शेतकरी तळघरात बटाटे-गाजरांशेजारी पाण्याचा मोठा पिंप ठेवायचे. पिंपातलं पाणी गोठत राहायचं, उष्णता देत राहायचं आणि भाजी वाचायची.

आता कोंबड्यांसाठी काय करतात ते चटकन कळेल. उथळ ताटलीऐवजी मोठी, खोल बादली ठेवतात. पाणी जितकं जास्त, तितकी गमवायची उष्णताही जास्त, म्हणून ते उशिरा गोठतं. बादलीभोवती पेंढा भरतात, म्हणजे उष्णता सावकाश निसटते. भांडं काळ्या रबराचं घेतात. काळा रंग ऊन शोषून घेतो. शिवाय पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि कडक प्लॅस्टिक तडकतं. रबर मात्र ताणलं जातं. भांडं उलटं करून दाबलं की बर्फाचा गोळा टुपकन बाहेर!

पाणी वरूनच का गोठायला लागतं, ठाऊक आहे? 4 अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी जातं. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं, ते वर राहतं. याला पाण्याचं असंगत आचरण म्हणतात. म्हणजे बर्फाचा पापुद्रा नेमका तिथेच धरतो, जिथे चोच बुडवायची! म्हणून काही जण पाण्यात हलका चेंडू सोडतात. वाऱ्याने तो डुलतो, पाणी हलतं आणि पापुद्रा लवकर धरत नाही. थंडी बेताची असेल तोवर ही युक्ती चालते. फार कडाका पडला की भांड्याखाली विजेची तापती बैठक ठेवतात. पाणी गोठायला आलं की ती आपोआप सुरू होते.

मिठाचं पाणी उशिरा गोठतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण कोंबडीच्या पाण्यात मीठ कधीच टाकत नाहीत. जास्त मीठ तिला विषासारखं असतं.

घरी एक प्रयोग करा. एका वाटीत चार चमचे पाणी घ्या, स्टीलचा एक मोठा डबा पाऊण भरा आणि दोन्ही एकदमच फ्रीजरमध्ये ठेवा. दर अर्ध्या तासाने पाहा आणि वहीत लिहा: कोण आधी गोठलं? बर्फ कुठून धरायला लागला? काचेची बाटली मात्र नको, ती फुटेल.

आणि सगळ्यांत सोपा उपाय? अंधार पडला की कोंबड्या झोपतात आणि रात्रभर पाणी पीत नाहीत. म्हणून संध्याकाळी भांडं घरात आणायचं आणि उजाडताच कोमट पाण्याने भरून खुराड्यात न्यायचं. त्या बर्फाळ पहाटे हातात बादली धरून बाहेर पडणारं माणूस कोंबड्यांकडे नुसतं पाणी नेत नसतं, पाण्यात साठवलेली ऊब नेत असतं. कोंबडी चोच बुडवते, मान वर करते आणि तो घोट सुखाने घशाखाली उतरतो.