ई-सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक घरी बदलताना

नांदेड-लातूरच्या कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात ब्रेक ऑइल मागा, काउंटरवर डॉट-४ ची बाटली येते. मोटारसायकलला आणि कारला ती चालते. डोंगरी ई-सायकलींवरच्या बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकना ती चालत नाही, आणि दुकानदाराला हे ठाऊक असायचं कारणही नाही. ब्रेक बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. चार पाने आणि एक मोकळी दुपार पुरते. माणूस अडतो तो सामान मागवताना. म्हणून इथे पान्यापेक्षा खरेदीवर जास्त लिहिलं आहे.

बदलायचे कशासाठी

आपल्याकडच्या परवडणाऱ्या ई-सायकलींना बहुतेक वेळा केबलवाले डिस्क ब्रेक असतात. लातूर शहरात किंवा नांदेडच्या सपाट रस्त्यांवर ते पुरतात. पण बॅटरी-मोटर धरून या सायकली सहज वीस-पंचवीस किलो भरतात. अशी सायकल घेऊन माहूरगड उतरायला लागलं, किंवा उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या चढ-उतारावर गेलं, की हाताची बोटं दुखायला लागतात.

मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर आपल्याकडे सायकलची नोंदणी करावी लागत नाही. ही मर्यादा मोटरला. उताराला कसली मर्यादा? ताशी २५ चे ४० झाले की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा अडीचपट होते. केबल ताणली जाते आणि तिच्या नळीत धूळ शिरून ती जड होते. हायड्रॉलिकमध्ये लिव्हर तेल ढकलतो, दोन्ही बाजूंचे पिस्टन सारख्या दाबाने पुढे येतात आणि पॅड झिजले तरी अंतर आपोआप भरून निघतं.

तेल दोन जातीचं

शिमानो, मागुरा, टेक्ट्रो या कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. हेज, होप आणि स्रॅमची बरीच मॉडेल डॉट ऑइलवर चालतात. स्रॅमच्याच डीबी-८ आणि मेव्हनमध्ये मात्र मिनरल आहे. म्हणजे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नये. टाकीच्या झाकणावर किंवा लिव्हरवर तेलाचा प्रकार छापलेला असतो, तो वाचावा.

दोन्हींसाठी आतली रबरी सील वेगळ्या रबराची असतात. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की सील फुगतात, लिव्हर दाबल्यावर परत येत नाही, आणि तेल बदलूनही तो ब्रेक पूर्ववत होत नाही. डॉट हवेतला ओलावा शोषतं. कोरडं असताना डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. शिवाय ते सायकलच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. पण तेही मिनरल ऑइलच म्हणून मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन ओतून बघायचं नाही.

यावर सोपा तोडगा आहे. लिव्हर, नळी आणि कॅलिपर जोडलेला, तेल आधीच भरलेला तयार सेट मागवावा. टेक्ट्रो, शिमानो, झूम यांचे असे सेट ऑनलाइन मिळतात. नळी कापावी लागली नाही तर तेलाची बाटली उघडायचीही वेळ येत नाही.

मागवण्याआधी काय बघायचं

सर्वांत आधी हात. आपल्याकडे उजव्या लिव्हरला पुढचा ब्रेक असतो. परदेशी बाजारासाठी बनलेल्या सेटमध्ये पुष्कळदा डाव्या लिव्हरला पुढचा असतो. मग लांब नळी चुकीच्या बाजूला येते. जुन्या केबलच्या वाटेने सुतळी लावून लांबी मोजावी, हँडल पूर्ण वळवल्यावर लागणारी ढील धरावी, आणि ‘उजवा पुढे’ हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्यावं.

मग डिस्क. १६०, १८० की २०३ मिलिमीटर, ते तिच्यावरच छापलेलं असतं. जुनीच डिस्क ठेवणार असाल तर तिची जाडी मोजा. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटरची असते आणि १.५ ला बदलायला सांगतात. व्हर्नियर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे मिळतोच. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर तिला धातूचे पॅड लावू नयेत. मोठी डिस्क घ्यायची तर कॅलिपरखाली त्या मापाचा ॲडॉप्टर लागतो. आणि फ्रेमला, पुढच्या फोर्कला मोठं माप झेपतं का, तेही आधी पाहावं.

मोटर तोडणारी वायर

साध्या सायकलवर नसलेला हा भाग. हब मोटरच्या ई-सायकलींमध्ये ब्रेक लिव्हरमधून एक बारीक वायर कंट्रोलरकडे जाते. लिव्हर दाबला की मोटर बंद. साधा हायड्रॉलिक सेट बसवला की ही वायर लोंबकळत राहते, आणि पेडल थांबल्यावरही क्षणभर ओढणारी मोटर ब्रेकशी भांडत राहते. म्हणून स्विचवाला सेट घ्यावा. टेक्ट्रो आणि झूमचे असे सेट आहेत.

कनेक्टर सारखा दिसतो म्हणून तो चालेलच असं नाही. काहींना दोन पिना असतात, काहींना तीन. दोन पिनांचा साधा स्विच असतो, तीनचा बहुधा चुंबकावर चालणारा सेन्सर. जुना कनेक्टर उघडून पिना दिसतील असा फोटो काढावा आणि विक्रेत्याला पाठवावा. जुन्या सेटमधलीच वायर वापरायची असेल तर नव्या लिव्हरवर चिकटवायचा चुंबकी सेन्सर मिळतो, पण तो त्याच कंट्रोलरला जुळणारा हवा.

प्रत्यक्ष काम

बॅटरी काढून बाजूला ठेवा. आपल्याला सायकल उलटी करून काम करायची सवय आहे. इथे ती नको. टाकीतली हवा नळीत शिरते, आणि डिस्प्ले फरशीवर घासतो तो वेगळाच. सायकल स्टँडला लावा किंवा सीटला दोर बांधून टांगा.

डिस्क तीच राहणार असेल तर चाक काढावं लागत नाही. डिस्क बदलायची तर मागच्या चाकाचा मोटर कनेक्टर आधी सोडवा. तो ओढताना वायर धरायची नाही. ॲक्सलवरचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा, कारण त्यातला एक ॲक्सल फिरू न देणारा असतो. डिस्कचे सहा बोल्ट स्टार पान्याने, समोरासमोरचे थोडेथोडे करत घट्ट करायचे.

नवा कॅलिपर दोन्ही बोल्टवर सैल बसवा. पॅडमधला प्लास्टिकचा तुकडा डिस्क आत घालायची वेळ येईपर्यंत काढू नका. तो नसताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. आलेच तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू मागे ढकलायचे, स्क्रू ड्रायव्हरने नाही. मग लिव्हर घट्ट धरून कॅलिपरचे बोल्ट आवळा. बऱ्याच ब्रेकना ६ ते ८ न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, तरी सोबतचा कागद बघा. चाक फिरवा. एका ठिकाणीच खर्र आवाज येत असेल तर डिस्क वाकडी आहे, सतत येत असेल तर कॅलिपर सरकवायचा.

आता बॅटरी लावा, मागचं चाक उचला, थ्रॉटल थोडा द्या आणि ब्रेक दाबा. मोटर लगेच गप्प झाली पाहिजे. दोन्ही लिव्हरने तपासा.

हवा काढावी लागली तर

नळी फ्रेमच्या आतून जात असेल, किंवा फारच लांब असेल, तर ती लिव्हरपाशी सोडवावी लागते. मग नवं ऑलिव्ह (नळीवर आवळली जाणारी कडी) आणि आतली पिन वापरायची. जुनं ऑलिव्ह पुन्हा बसवू नये. यानंतर हवा काढणं आलंच. पॅड काढून जागी ब्लॉक घालायचा, लिव्हरवर फनेल, कॅलिपरला सिरिंज, आणि तेल खालून वर ढकलत बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. त्या मॉडेलसाठीची किट आणि तेल हाताशी नसेल तर नळी सोडवूच नका.

पॅड बसेपर्यंत

नव्या ब्रेकची पकड पहिल्या दिवशी कमीच असते. सकाळच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीस-तीस वेळा ब्रेक लावायचा. पकड हळूहळू वाढत जाते. ती येण्याआधी माहूरचा घाट नको.

डिस्कला तेलकट हात लागू देऊ नका. चेनचा स्प्रे मारताना डिस्क कापडाने झाका. डाग पडलाच तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. पॅड तेल प्यायले असतील तर ते फेकायचेच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये वाळला की पिस्टन अडखळतात, म्हणून ओला असतानाच साध्या पाण्याने धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मात्र मोटरपासून आणि कनेक्टरपासून लांबच ठेवावा.