तंबूतली ऊब : बर्फ पाडणाऱ्यांचा धडा

स्लीपिंग बॅगवरच्या आकड्यांचा हिशेब आज मांडायचा होता. तो आता पुढच्या रविवारी. संगमनेरच्या एका वाचक ताईंनी पत्रातून असा प्रश्न विचारला आहे, की त्यावर अख्खा लेख खर्ची घातल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

डिसेंबरात त्यांची मंडळी भंडारदऱ्याला गेली होती. तीन तंबू पाण्यालगतच्या सपाटीवर लागले. दिरांच्या कुटुंबाला तिथे जागा उरली नाही, म्हणून ते जरा वर, बांधाजवळच्या आंब्याखाली गेले. बॅगा सगळ्यांच्या सारख्याच, एकाच दुकानातून भाड्याने आणलेल्या. खालच्यांनी रात्र कुडकुडत काढली आणि सकाळी त्यांचे तंबू दवाने निथळत होते. वरचे गाढ झोपले, तंबूही कोरडा. ‘पाण्याजवळ तर ऊब असते ना?’ असं ताई विचारतात.

पाण्यात ऊब असतेच. पहाटे जलाशयावर वाफ तरंगते, ती त्याचीच खूण. पण वारा पडलेल्या रात्री काठावर झोपलेल्याच्या वाट्याला येते ती डोंगरावरून उतरलेली हवा. सूर्य मावळला की कातळ, गवत, माती आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडू लागतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, गार म्हणून जड होते, घळीओढ्यांतून खाली सरकते आणि वाट संपेल तिथे साचते. आजूबाजूच्या सगळ्या उतारांचा तळ म्हणजे तो काठ.

निफाडचंच बघा. गाव गोदावरीच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. तरी हिवाळ्यात कितीतरी सकाळी निफाडचा पारा महाबळेश्वरच्या खाली असतो. तिथल्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. थंडीची लाट आली की तो रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, आणि बागेतल्या खोलगट तुकड्याची काळजी त्याला आधी लागते. खुद्द महाबळेश्वरातही हिमकण दिसल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या काठावरून, बाजारपेठेतून नव्हे. ते हिमकण बहुधा गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर असतात. आकाशाकडे तोंड करून पडलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही तिच्यावर बर्फ धरतो.

याचा पुरेपूर फायदा घेणारी माणसं आपल्याच देशात होती, आणि हा किस्सा मला फार प्रिय आहे. अलाहाबादेत हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करत. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर यांनी त्याची रीत लिहून ठेवली. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळलेली ताटं जाड पसरायची, त्यावर मातीच्या पसरट थाळ्या मांडून त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटेपर्यंत बर्फ धरायचा. खड्ड्यात गार हवा साचे, वर उघडं आकाश, आणि जमिनीची ऊब थाळीपर्यंत पोचू नये म्हणून खाली चिपाडं. तंबू लावणाऱ्याने यातली चिपाडं तेवढी उचलावी. जमीन थाळीतल्या पाण्यापेक्षा उबदार असली तरी आपल्या पाठीपेक्षा खूप गार असते, म्हणून खालची देवघेव आपल्यालाही तोडायचीच आहे. बाकी सगळं उलट करायचं.

आता आंब्याचं. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी दवावर प्रयोग करून १८१४ मध्ये निबंध छापला. त्यात अलाहाबादसारख्या बर्फाचाही विचार आहे. माळी लोक कोवळ्या रोपांवर पातळ चटया पांघरतात याचं त्यांना आधी हसू येई. मग त्यांनी हिरवळीत चार काड्या रोवून, गवतापासून सहा इंचांवर एक तलम रुमाल ताणला. रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा स्पष्ट उबदार निघालं. रुमाल गवताला टेकतही नव्हता, पण गवत आणि आकाश यांच्यामध्ये आडवा होता. दिरांच्या तंबूवर आंब्याने नेमकं हेच काम केलं. तंबूचं कापड फारसं गार पडलं नाही, म्हणून दवही धरलं नाही. झाड नसेल तिथे तंबूच्या वर हातभर अंतर सोडून ताडपत्री ताणा. झाड असेल तर वाळक्या फांद्या आधी बघून घ्या.

जागा निवडायला माझी युक्ती उदबत्तीची. संध्याकाळी वारा पडला की उदबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरून उभं राहायचं. धूर थोडा वर जातो, मग वाकून हळूहळू उताराच्या दिशेने वाहू लागतो. तो जातो ती गार हवेची वाट. तिथून बाजूला व्हा आणि तळापासून वीस-तीस मीटर वर चढा. अगदी धारेवर मात नको, तिथे वारा झोपू देत नाही. बांध तंबूच्या वरच्या अंगाला असला तर उतरणारी हवा अडते. खालच्या अंगाला असला तर तीच हवा तंबूभोवती तुंबते. हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलेल्यांना दवाची काळजीच नाही. दगडाचं छत डोक्यावर असल्याने त्यांना आकाश दिसतच नाही.

पुढच्या रविवारी आकडे नक्की. तोवर आपापल्या बॅगेच्या लेबलवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे आहेत का ते बघून ठेवा. ते आकडे काढताना बॅगेत चाचणीसाठी ठेवलेल्या पुतळ्याखाली मॅट घातलेली असते, ते ध्यानात ठेवा; सुरुवात तिथूनच करू.