काळोखी कुणाला हवी?

"ताई, काळोखी येईल असं काहीतरी द्या." निफाड तालुक्यातल्या माझ्या खताच्या दुकानात हे वाक्य हंगामभर ऐकू येतं. पीक गर्द हिरवं दिसलं की शेजाऱ्याची नजर बांधावर थबकते, हा त्यातला खरा आनंद. काळोखी आणणं अवघडही नाही. ४५ किलोची यूरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यात ४६ टक्के नत्र असतं. म्हणून गोणीला हात लावायच्या आधी मी विचारते, "दादा, बाजारात विकणार काय? पान, फळ की जमिनीतलं?"

मेथी-कोथिंबीर असेल तर वादच नाही. तिथं पानाचेच पैसे होतात, बेतानं नत्र द्यावं. पण आमच्याकडचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चांगल्या भावाची वाट बघत पावसाळाभर चाळीत पडून राहतो. त्याला उशिरा यूरिया दिला की पात माजते, मान जाड राहते, ती नीट वाळत नाही आणि तिथूनच सड शिरते. वावरात दिसलेल्या काळोखीची किंमत मग चाळीत मोजावी लागते.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरी ११० किलो नत्र, ४० किलो स्फुरद, ६० किलो पालाश आणि ४० किलो गंधक अशी आहे. एकराचा हिशेब धरला तर साधारण ४५, १६, २४ आणि १६. नत्राचा तिसरा हिस्सा लागणीला, उरलेला तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी दोन हप्त्यांत. त्यानंतर यूरिया बंद. शेणखत मात्र आधीच पडलेलं हवं, आणि तेही पुरतं कुजलेलं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते.

आता गोणी निवडू. गोणीवर १०:२६:२६ असं लिहिलेलं असतं, ते आकडे नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमानं शेकडा किती ते सांगतात. चौथ्या गंधकाकडे कुणी बघत नाही, आणि कांद्याचा तिखटपणा तर त्याच्यावरच उभा! डीएपीत ४६ टक्के स्फुरद आहे, गंधक मुळीच नाही. साध्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण जोडीला ११ टक्के गंधक. ५० किलोच्या दोन गोण्या टाकल्या की एकराचं स्फुरद पुरं होतं आणि अकरा किलो गंधकही पडतं. तरी रांग लागते डीएपीसाठीच. सुपरची थप्पी कोपऱ्यात धूळ खात असते. दुकानदार म्हणून मला दोन्ही विकायचं आहे, पण कांद्यापुरती मी सुपरच्या बाजूची.

पान पिवळं पडलं म्हणून धावत येणाऱ्यांना मी आधी ते कुठलं पान ते विचारते. खालची, जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतंय. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. त्यावर यूरिया ओतून काय होणार? त्याच कारणानं चुलीची राखही अशा जमिनीत नको. तिच्यात पालाश असतं हे खरं, पण ती जमीन आणखी विम्ल करते.

बटाट्याचे मोठे शेतकरी पुणे जिल्ह्यात, आंबेगावच्या सातगाव पठारावर. आमच्याकडे विचारतात ते बहुतेक नाशिक शहरातल्या गंगापूर रोडचे, गच्चीवर बाग करणारे. दोघांनाही उत्तर एकच: बटाट्याला नत्रापेक्षा पालाशाची भूक मोठी. नत्र जास्त झालं की वर झुडूप वाढत राहतं आणि खाली बटाटे पोसायला उशीर लागतो. पालाशही दोन प्रकारचं असतं. लाल पोटॅश स्वस्त, पण त्यातल्या क्लोराइडमुळे बटाट्यातला कोरडा गर घटतो. भाजीला चालेल, वेफरला नाही. वेफरचा माल असेल तर सल्फेटवालं पालाश घ्यावं, महाग पडलं तरी.

टोमॅटोचं दुखणं निराळं. फळाचं बूड काळं पडलं की सगळे कॅल्शियम मागतात. आमच्या मातीत ते भरपूर आहे, पण पाण्याला खाडा पडला की ते फळापर्यंत चढत नाही. म्हणून आधी पाण्याच्या पाळ्या सांभाळा. तरीही ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडायचं असेल, तर त्याच टाकीत ०:५२:३४ कालवू नका. दोन्ही मिळून पांढरा साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात. एक आज सोडा, दुसरं दोन दिवसांनी.