आई-बाबांचा मुक्काम आणि गोचिडींचा हंगाम

अमेरिकेच्या ईशान्य भागात भारतातून आई-बाबा येण्याचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकच असतो. थंडी सरली की तिकिटं निघतात, बॅगांमध्ये लोणची-मसाले भरले जातात आणि मेमध्ये मंडळी दाखल होतात. नेमक्या त्याच सुमारास, मे ते जुलै या काळात, पालापाचोळ्यातून गोचिडींची पिल्लं बाहेर पडतात. आपण दिवसभर लॅपटॉपसमोर, मुलं शाळेत. अंगणात सर्वांत जास्त वेळ जातो तो या ज्येष्ठ मंडळींचा. म्हणून हे जितकं इथल्या मराठी घरांसाठी, तितकंच तिकडे बॅग भरत बसलेल्या त्यांच्या आई-वडिलांसाठी.

आम्ही कनेटिकटमध्ये, हार्टफर्डच्या दक्षिणेला राहतो. मागचं अंगण संपतं तिथे झाडी सुरू होते. सकाळी हरणं येतात आणि व्हिडिओ कॉलवर नातेवाईक म्हणतात, ‘काय नशीब रे तुमचं!’ याच राज्याच्या दक्षिण टोकाला लाइम आणि ओल्ड लाइम ही दोन टुमदार गावं आहेत. १९७०च्या दशकात तिथल्या मुलांचे गुडघे अचानक सुजू लागले. पॉली मरे नावाच्या एका आईने सगळ्यांच्या तक्रारींची टिपणं ठेवली, डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. १९७५मध्ये येल विद्यापीठातले ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीत त्याचा जिवाणू सापडला आणि त्या गावाचं नाव आजाराला कायमचं चिकटलं.

आपल्याकडे गोचीड म्हटलं की गाई-म्हशींच्या कानाला लटकलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली दिसते. इथली काळ्या पायांची गोचीड पिल्लावस्थेत खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट बघते आणि जवळून जाणाऱ्याला धरते. चावलेलं कळतही नाही. गंमत अशी, की दोष सगळे हरणांना देतात, पण लाइमचा जिवाणू गोचिडीला मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. हरणं मोठ्या गोचिडींना पोसतात आणि इकडून तिकडे नेतात.

आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे. लाइमचा संसर्ग व्हायला गोचीड सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते. म्हणजे रोज संध्याकाळी अंग तपासलं तर बहुतेक वेळा आपण वेळेत असतो. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, कानामागे, केसांत. आता हे साठीतल्या माणसांना सांगायचं कसं? बाबा पहिल्या वर्षी म्हणाले, ‘‘गोचिडी गुरांना असतात रे, माणसांना कसल्या?’’ मग मी त्यांना माकडतापाची आठवण करून दिली. आमचं मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात. २०१६पासून तिथे काजूच्या हंगामात माकडतापाची भीती असते आणि तोही गोचिडींमुळेच पसरतो. आजार वेगळा, तो विषाणूचा. पण वाहणारी जमात एकच. एवढं ऐकल्यावर बाबा घराचे मुख्य तपासनीस झाले. आता नातू बाहेरून आला की आधी कान पुढे करतो.

बाहेर काम करून आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. सुके कपडे आधी तापवले की गोचिडी मरतात. कोमट पाण्याच्या धुलाईतून त्या जिवंत निघू शकतात. आईची साडी मात्र ड्रायरमध्ये जात नाही. त्यामुळे बागेत पायजमा, त्याचे पाय मोज्यांत खोचलेले. ती स्वतःच या अवताराला हसते.

गोचीड दिसलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, पेटती काडी हे गावठी उपाय इथे नकोत. डिवचलेली गोचीड पोटातलं आपल्या अंगात सोडू शकते. नखाने चिरडूही नये. बंद पिशवीत ठेवावी आणि कॅलेंडरवर तारीख लिहावी. ती बराच वेळ चिकटलेली असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावं. काही वेळा डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊन काम भागतं.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. लाइमचा चट्टा म्हणून माहितीपत्रकांत बहुधा गोऱ्या कातडीवरचं लालभडक वर्तुळ छापतात, नेमबाजीच्या फळीसारखं. आपल्या सावळ्या कातडीवर तो तसा दिसेलच असं नाही. तो जांभळट, काळपट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. सहसा खाजत नाही, दुखत नाही. चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत उठतो आणि हळूहळू पसरतो. काहींना तर चट्टा उठतच नाही. ‘कुठेतरी आपटलं असेल’ म्हणून आई गप्प बसेल, हे आपण सगळे जाणतो. म्हणून रोज त्याच प्रकाशात फोटो काढावा आणि पसरतोय का ते बघावं. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. चट्टा आणि चावल्याची तारीख डॉक्टरांना ठासून सांगावी.

दुसरी अडचण मुक्काम संपल्यावरची. गुडघा सुजणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं ही लक्षणं आठवड्यांनी, महिन्यांनीही दिसू शकतात. तोवर मंडळी गावी परतलेली असतात. पावसाळ्यानंतर ताप आणि सांधेदुखी म्हटल्यावर तिथले डॉक्टर आधी चिकुनगुनिया, डेंग्यू बघणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना अमेरिकेतल्या गोचिडीबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं. आम्ही बाबांच्या औषधांच्या पाकिटात एक कागद ठेवतो: कोणत्या राज्यात राहिले, कोणत्या तारखेला गोचीड काढली, कोणतं औषध घेतलं. वेळेत निदान झालं तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

आमच्या लॅब्रेडॉरला पशुवैद्याने दिलेली चघळायची गोळी असते. कुत्र्यांसाठी लाइमची लसही आहे. माणसांसाठीची लस २००२मध्ये बाजारातून गेली. कपड्यांवर आणि बुटांवर मारायचं परमेथ्रिन चांगलं काम करतं, पण ते कातडीला लावायचं नाही आणि घरात मांजर असेल तर फार जपून. ओलं परमेथ्रिन मांजरांना जिवावरचं ठरू शकतं.

अंगणात आम्ही झाडी आणि हिरवळ यांच्यामध्ये तीन फूट रुंद लाकडी भुशाचा पट्टा घातला. कोरडा, तापलेला पट्टा गोचिडींना मानवत नाही. आईचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे झाडीच्या कडेला होते, ते उन्हात मधोमध आणले. तिला वाटलं होतं तिथे पाणी जास्त लागेल. लागतंच, पण पाइप आहे. लाकडाची रास घरापासून लांब हलवली, कारण उंदीर तिथेच घरं करतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या गोचिडी पुन्हा हिंडू लागतात. दिवाळीच्या सुमारास मेपलची पानं पडून सुंदर ढीग होतात आणि मुलांना त्यांत उड्या मारायच्या असतात. आमच्याकडे ढीग झाला की त्याच दुपारी पिशव्यांत भरला जातो. उड्या मारायला घरात एक जुनी गादी ठेवली आहे.